आठ दिवस कोयता

ढेबेवाडीच्या खोऱ्यात कुणाची मोटार बसली
की मला फोन येतो.
एकवीस वर्षांत शे-दीडशे विहिरींत उतरलो असेन.
गाळ किती हात आहे
ते वासावरनं सांगतो.

आक्काताई सुतारांच्या विहिरीचं दुखणं निराळं होतं.
काठावर उंबर, त्याची एक फांदी आत वाकलेली,
पाण्याच्या हातभर वर येऊन थांबलेली,
तहान लागली पण मागायची लाज वाटली, तशी.
तिचा पाला फुटव्हॉल्व्हला बसायचा.
मोटार हवा ओढायची.
"कोयता घेऊनच या," म्हणाल्या.

गेलो तर काठावर एक पोरगी पालथी पडलेली.
कराडच्या कॉलेजातली, शबाना नदाफ.
नाव नंतर कळलं, आधी म्हणाली,
"सरका. सावली पडतीय तुमची."

मला काय दिसणार? चतुर.
चतुर म्हणजे चतुर,
शेपटाला दोरा बांधून खडे उचलायला लावलेला,
ज्याबद्दल आजवर कुणी जाब विचारला नव्हता.
"नीट बघा," ती म्हणाली, आणि मी बघितलं:
करंगळीच्या दोन पेरांएवढा,
काळ्या अंगावर हळदीची बोटं,
डोळे जुन्या तांब्याच्या वायरीवर चढतो तसल्या निळ्याचे,
पंखांच्या मुळाशी वाइंडिंगच्या वार्निशचा रंग.
एवढ्या वर्षांत हा माझ्या डोक्यावरच बसत असणार.

ह्यांचं घराणं तेरा-चौदा जणांचं, ती सांगत होती.
बरेचसे आफ्रिकेत, रानातल्या डबक्यांवर,
काही मादागास्करला,
आपल्या वाट्याला हा.
सगळे बुटके.
वहीत नावं होती, लॅटिन, मला लागेनात.
"मराठीत?"
ती पेन तोंडात धरून जरा वेळ गप्प बसली.
"मराठीत सगळे चतुरच."

आमच्या वाडीत सतरा आडनावं.
खालच्या गावात आम्हाला म्हणतात,
डोंगरातली माणसं आलीत.

मग मादी आली.
फांदीच्या टोकाला शेपूट टेकवलं. उचललं.
परत टेकवलं. परत.
नर वर घिरट्या घालत होता वायरमनसारखा,
काम दुसऱ्याचं, लक्ष ह्याचं.
टोकाला साबुदाण्याच्या खिरीचा थेंब वाळावा
तसं काहीतरी चिकटलं.

बाकीचे बरेच पाण्यातच घालतात, शबाना म्हणाली.
ही पाण्याच्या वर टांगते.
पिल्लं फुटली की तिथनंच खाली उडी.

मी दोर कमरेला बांधून, दोनदा ओढून बघून,
काठावर दोन माणसं उभी करून उतरतो.
आणि हे, डोळे उघडायच्या आत.

चहा घेऊन आलेल्या आक्काताईंनी
माझ्या हातातला कोयता बघितला, मग फांदी.
"किती दिस?"
"आठेक. नक्की नाही, मावशी."
"माझा हरभरा वाळतोय."
कुणीच बोललं नाही.
कपबश्या उचलता उचलता त्याच म्हणाल्या,
"बाळंतिणीची खाट दहा दिस हलवत न्हाईत.
तुमी दुसरं कायतरी बघा."

कांद्याची जाळीची पिशवी दुहेरी करून
फुटव्हॉल्व्हला बांधली.
पाणी बारीक आलं, पण आलं.
दीडशे रुपये मजुरी.
कोयता न चालवल्याचे मिळालेले पहिलेच.

बाराव्या दिवशी फोन नसताना गेलो.
फांदीवर नुसता पापुद्रा.
उडी मारली, का मुंग्यांनी नेलं?
शबानाला विचारलं तर म्हणाली, सांगता येत नाही.
शिकलेली माणसं असं म्हणतात
हे मला नवीन होतं.

फांदी अजून आहे. आक्काताई म्हणतात,
पिशवी चालतीय की, कशाला तोडायची.

माझ्या कामाच्या डायरीत आता असं असतं:
सणबूर, तीन एचपी, बेअरिंग गेलं.
काळगाव, वायर उंदरांनी खाल्ली.
सुतारांची विहीर, पिशवी बदलली,
आणि खाली, गिऱ्हाईकाला दाखवायचं नाही अशा बारीक अक्षरात:
बुटका. हळदीच्या बोटांचा. दोन.